जागा सोडायची नाही

अहो, रविवारी टेम्पो येणार आहे. मनूनं परस्पर ठरवून टाकलं. कपाट, देव, माझं शिलाई मशीन आणि दोन गाद्या एवढंच न्यायचं, बाकीचं इथंच कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणाली. तुम्हाला जाऊन आज सदतीस दिवस झाले. तिला सातवा महिना लागलाय, जावईबापू सकाळी नऊला जातात ते रात्रीच उगवतात, आणि चऱ्होलीच्या त्या बाराव्या मजल्यावर आपली पोर दिवसभर एकटी असते. आईनं यावं असं लेकीला वाटणारच. मी मात्र आठवडाभर काही ना काही खुसपट काढत होते. तिकडं पाणी टँकरचं, रिक्षा मिळत नाही, भाजी धड नसते, माझी ब्लाउजची गिऱ्हाइकं सगळी काळेवाडीत. खरं कारण तिला सांगायची सोय नव्हती. तुम्हाला सांगते. मी इथून हलले आणि मागून तुम्ही आलात, तर?

हसू नका. म्हणजे हसा, पण ऐकून घ्या.

हे खूळ माझ्या डोक्यात तुम्हीच भरवलंत. चाकणच्या कंपनीत एकोणतीस वर्षं काढलीत, त्यातली शेवटची बावीस लाइन लीडर म्हणून. लीडर झालात त्या दिवशी जेवताना चटणीची वाटी पुढं सरकवत मला सगळं समजावलं होतंत. लाइनवर प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एक दोरी असते. नट बसला नाही, पार्ट वाकडा आला, नुसती शंका आली तरी दोरी ओढायची. दिवा लागतो. आणि ज्यानं दोरी ओढली त्यानं जागा सोडायची नाही, लीडर चालत त्याच्यापाशी येतो. तो माणूस लीडरला हुडकत फिरायला लागला, की चुकलेला पार्ट पुढं निघून जातो आणि कुठं काय बिघडलं ते मग कुणालाच सापडत नाही. मी म्हटलं, बरं, आता ती चटणीची वाटी इकडं द्या.

कंपनीचा नियम कंपनीत ठेवावा की नाही? तुम्ही तो घरी आणलात. मनू पाच वर्षांची असताना आळंदीच्या घाटावर गर्दीत हात सुटला होता, आठवतं? माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. मी वेड्यासारखी देवळापासून पुलापर्यंत पळत होते आणि तुम्ही सरळ मागं फिरून पेढ्यांच्या दुकानापाशी गेलात. ती तिथंच उभी होती, हुंदके देत, पण पाय न हलवता. "बाबा म्हणाले होते जागा सोडायची नाही," म्हणाली. त्या दिवसापासून तो नियम आपल्या घरात देव्हाऱ्यात बसला. मंडईत, लग्नात, दवाखान्यात, कुठंही चुकामूक झाली की जिथं आहे तिथंच थांबायचं, तुम्ही येणार. आणि तुम्ही यायचात, हे मला कबूल करावंच लागेल. एकदाही चुकला नाहीत.

मग ते सिंगापूर.

तुम्ही रिटायर झालात त्या डिसेंबरात मनूनं आणि जावईबापूंनी तिकिटं काढून दिली. मी म्हटलं टूरबरोबर जाऊ, पोळीभाजी मिळते, बोलायला चार बायका असतात. तुम्ही म्हणालात, कुणाच्या तरी झेंड्यामागं फिरायला मी एवढा पैसा घालणार नाही. पैसा तुमचा नव्हताच, पण ते जाऊ दे. पंधरा दिवस स्केचपेन घेऊन बसलात. तिथल्या मेट्रोच्या जांभळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या सगळ्या लाइनी कागदावर काढल्यात, कुठं चढायचं, कुठं उतरायचं, कुठं किती मिनिटं. मग तो कागद लॅमिनेट करून, दोरी ओवून गळ्यात घातलात, मशीनवर सूचना लटकवतात तसा. विमानातही काढला नाहीत. शेजारच्या माणसानं तुम्हाला विमानातला कर्मचारी समजून पाणी मागितलं होतं.

गाव बाकी बघण्यासारखं. गाव म्हणावं की देश, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका टोकाला गाडीत बसलं की तासाभरात दुसऱ्या टोकाला समुद्र, संपला देश. पुलांच्या कठड्यांवरसुद्धा फुलझाडं. तुम्ही मात्र वर बघायचं सोडून खाली बघत चालायचात. गटारावरच्या जाळ्या किती लेव्हलमध्ये बसवल्यात, सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांमधली फट कशी सगळीकडं सारखी आहे. एका चकचकीत बाजारात गुडघ्यावर बसून फरशीचा सांधा बोटानं चाचपलात आणि "झीरो रिजेक्शन" असं मोठ्यांदा म्हणालात. दोन चिनी पोरी हसत बाजूनं गेल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बघत होते ते वेगळंच. वीस-वीस मजल्यांच्या इमारती, आणि खिडक्याखिडक्यांतून बाहेर आडवे बांबू, त्यांवर टॉवेल, चड्ड्या, शाळेचे फ्रॉक. एवढ्या श्रीमंत गावातल्या बायकांनाही कपडे वाळत घालणं चुकलेलं नाही. ते बघून मला तिथं जरा घरच्यासारखं वाटलं.

आणि ते चिनी वस्तीतलं कागदी वस्तूंचं दुकान. शर्ट, बूट, चष्मा, मोबाइल, सगळं कागदाचं, छान खोक्यांत बसवलेलं. मला वाटलं खेळणी असतील. दुकानातल्या म्हातारीनं हातवारे करून सांगितलं, घरातलं माणूस गेलं की हे जाळायचं, तिकडं त्याला पोचतं. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही एक निळा कागदी शर्ट उचललात, कॉलर बघितलीत, बटणांवरून बोट फिरवलंत, फिनिशिंग चांगलंय म्हणालात. मी तो हिसकावून जागेवर ठेवला, असल्या वस्तूंना हात लावू नये म्हणून रागावले. तुम्ही म्हणालात, मला कंपनीचे दोन निळे आहेत की, ते पुरतील. तेव्हा मी हसले होते. आता ते दोन्ही शर्ट माझ्या मशीनच्या खणात आहेत. तुमच्या भावानं दहाव्याला कपडे वाटायला काढले तेव्हा मी ते लपवले. कितीही धुतले तरी त्यांना मशीनच्या तेलाचा वास येतोच, आणि पहाटे पाच चाळीसला कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की तो वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. मला वेड लागलेलं नाही. येतो म्हणजे येतो.

चौथ्या दिवशी सकाळी आपलं वाजलं. आपण लिटल इंडियात होतो. गजरे, नारळ, सांबाराचा वास, स्टीलच्या भांड्यांची दुकानं. तीन दिवसांनी मला कुठंतरी नुसतं बसावंसं वाटत होतं. एका देवळाच्या पायरीवर टेकले तर तुम्ही छातीवरचा कागद दाखवलात, इथं चाळीस मिनिटंच आहेत म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षं घड्याळ बघून डबा भरला, पहाटे चारला उठले, तुमची शिफ्ट बदलली की माझी झोप बदलली, आणि आता समुद्र ओलांडून आले तरी घड्याळच? हे सगळं मी रस्त्यात बोलले, आवाज चढवून. तुम्ही मान खाली घालून स्टेशनकडं चालायला लागलात, मी दहा पावलं मागं.

जांभळ्या लाइनीची गाडी आली. तुम्ही कागद बघत आत शिरलात. मी चपलेचा पट्टा सारखा करायला वाकले आणि दरवाजे लागले. एक काच गाडीची, एक फलाटाची, त्यांच्यापलीकडं तुम्ही. आवाज येत नव्हता, पण दोन्ही हातांचे पंजे दाखवून तुम्ही काय सांगत होतात ते मला पाठ होतं. जागा सोडू नको. मग गाडी निघून गेली. तिथलं सिमकार्ड एकच घेतलेलं, तेही तुमच्या फोनमध्ये.

पुढचं सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे, कारण तुम्ही ते प्रत्येकाला सांगितलंत. तुम्ही पुढच्या स्टेशनावर उतरून उलट्या गाडीनं परत आलात तर मी फलाटावर नव्हते. सव्वा तासानं मी एका गाडीतून उतरले. तुम्ही खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे.

"कुठं होतीस?"

"तुम्हालाच शोधत होते."

तुम्ही माझ्याकडं जरा वेळ बघितलंत. खिशातला रुमाल काढून दिलात. तोंड पूस म्हणालात, घाम आलाय. मग म्हणालात, चल, भूक लागली असेल. मी म्हटलं हो, सकाळपासून पोटात काही नाही. तुम्ही मला इडली खाऊ घातलीत, माझ्या ताटातली चटणी संपली तर तुमची दिलीत, आणि त्या दिवसाचा उरलेला कागद आपण पाळलाच नाही.

घरी आल्यावर मात्र तीन वर्षं तुम्ही माझा पिच्छा सोडला नाहीत. कुणी पाहुणे आले, सिंगापूरचा विषय निघाला, की तुमचं सुरू. "सगळं झकास होतं हो, फक्त हिनं जागा सोडली." लोक हसायचे. माझा तिळपापड व्हायचा. मी म्हणायचे, तुम्ही चढलातच कशाला मागं न बघता? तुम्ही म्हणायचात, ते सोड, तू जागा का सोडलीस ते सांग. मी म्हणायचे, शोधायला. मग तुम्ही तसेच बघायचात, त्या खांबापाशी बघितलं होतंत तसे, आणि चहाचा कप उचलायचात. मला वाटायचं, काय हा माणूस, एवढ्याशा चुकीला जन्मभर टांगून ठेवणार. शेवटचं भांडणही तेच. गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींसमोर पुन्हा तेच काढलंत आणि मी ताट आपटून आत गेले. सकाळी तुम्ही उठलात तेव्हा मी जागी होते. मुद्दाम डोळे मिटून पडून राहिले.

तुम्ही रोजच्यासारखे कोपऱ्यावर गेलात. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी कंपनीची बस गेलेली बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. बस बघायची, थांब्यावरच्या बाकावर बसायचं, दूध घेऊन यायचं. सहा-सव्वासहाला दूधवाल्याचा फोन आला, वहिनी, लवकर या, भाऊ बसल्या जागी कलंडलेत. मी गाऊनवर ओढणी टाकून पळाले. पोचले तर बाक रिकामा. दुधाची पिशवी होती, तुमची टोपी होती. लोकांनी तुम्हाला रिक्षात घालून नेलं होतं, दोन मिनिटांपूर्वी. कुणीतरी दवाखान्याचं नाव सांगत होतं, कुणी म्हणत होतं माझ्या गाडीवर बसा.

आणि मी तिथं उभी राहिले. अहो, मी उभी राहिले. टोपी हातात घेऊन, बाकाला धरून. डोक्यात एकच होतं, जागा सोडायची नाही. आता सोडायची नाही. एकदा सोडली होती, तीन वर्षं ऐकून घेतलं. मी इथं थांबले की ते येतील. दूधवाला हाताला धरून ओढत होता तरी माझे पाय उचलेनात. पंधरा मिनिटं म्हणा, वीस म्हणा. मनूचा फोन आला, ती ओरडली, तेव्हा मी हलले. दवाखान्यात पोचले तेव्हा तुमच्या तोंडावर चादर होती. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. खरं की मला धीर द्यायला म्हणाले, कोण जाणे. ज्या दिवशी थांबायचं त्या दिवशी मी निघून गेले, आणि ज्या दिवशी धावायचं त्या दिवशी थांबले. हे मी कुणाला सांगू?

तेव्हापासून तुम्ही जातही नाही आणि येतही नाही. बेल दोनदा वाजल्यासारखी वाटते, उघडते तर जिना रिकामा. चहा टाकताना हात दोन कपांचं दूध घेतो. एकदा तर बाजारात टोमॅटो घेत होते, समोरून एक पाठ गेली. तुमचीच पाठ. डावा खांदा जरा खाली, चालताना मान पुढं. मी टोमॅटो तिथंच टाकले आणि मागं निघाले. हाक मारली नाही, मारली असती तर भ्रम फुटला असता. काळेवाडी फाट्यापर्यंत गेले त्या पाठीमागून, मध्ये दहा-बारा पावलं ठेवून. तो माणूस रस्ता ओलांडायला वळला. कुणीतरी दुसराच होता, तोंडात तंबाखू. एवढं चालून गेले त्याचं मला काही वाटलं नाही. उलट, तेवढा वेळ बरं वाटलं.

दहावा आळंदीला केला. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भिंतीवर चार बसले होते, बघत होते, खाली येत नव्हते. तुमचे भाऊ हात जोडून म्हणाले, दादा, मनूचं बाळंतपण नीट करू. जावईबापू म्हणाले, आईंना आम्ही सांभाळू. कुणी गावाकडच्या घराचं बोललं, कुणी कुलदैवताचं. तास गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, वहिनी, त्यांचं काही राहिलंय का? राहिलं होतं. माझ्या गळ्याशी एकच वाक्य होतं आणि ते चारचौघांत बोलायची हिंमत नव्हती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं. नदीकडं पाठ करून घरी आले ते त्या वाक्यासकट.

ते आता बोलते. मी तुम्हाला शोधत नव्हते.

गाडी गेल्यावर मी आधी थांबले होते. दोन गाड्या सोडल्या. मग मनात आलं, राहू दे त्यांना जरा उभं. एकोणतीस वर्षं मी खिडकीत उभी राहिले, आज तुम्ही राहा. तिसरी गाडी आली आणि मी चढले. कुठं जाते ते मला माहीत नव्हतं. शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहिले, सगळे उतरले तशी उतरले, सगळे गेले तिकडं गेले, आणि एका मोठ्या बाजाराच्या काचेच्या भिंतीमागं समुद्र निघाला. बाक होते. समोर बोटी. एका म्हाताऱ्याच्या हातगाडीवर ब्रेडमध्ये घालून आइस्क्रीम मिळत होतं, गुलाबी. तुम्ही पर्समध्ये ठेवायला दिलेल्या नोटेतून घेतलं. बसले, खाल्लं, पाय लांब केले. अहो, मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही. तेवढा वेळ मी कुणाची बायको नव्हते, कुणाची आई नव्हते, कुणाचा डबा राहिला नव्हता. मला इतकं छान वाटलं की भीती वाटली. मग तुमची आठवण आली, तिथल्या बाथरूमला जाऊन आले आणि परत निघाले. तुमच्यापाशी येऊन खोटं बोलले. पुढं तीन वर्षं बोलत राहिले. सुख वाटलं होतं, ते कसं सांगणार? तुम्ही तिकडं खांबापाशी जीव मुठीत धरून उभे असताना.

एवढंच सांगून हे लिहिणं संपायचं होतं. पण परवा मनू आली. भिंतीवर लावायला तुमचा धड एकही फोटो नाही म्हणून तुमचा जुना फोन घेऊन बसली. सिंगापूरचे फोटो सरकवता सरकवता थांबली.

"आई, ही तूच ना? तू एकटी कुठं बसलीयेस गं?"

मी चष्मा लावला. पिस्ता रंगाचा पंजाबी ड्रेस, गजरा, बाक, समोर समुद्र. पाठमोरी मी. पुढचा फोटो, तीच पाठ, हातात काहीतरी. पुढचा, पाय लांब केलेले. असे अकरा. सगळे मागून, लांबून. आणि एक त्या काचेच्या भिंतीआडून काढलेला. त्याच्यात मी काचेपलीकडं, आणि काचेवर तुमचं प्रतिबिंब पडलंय. गळ्यात लॅमिनेट केलेला कागद, फोन दोन्ही हातांत धरलेला, कोपरं अंगाशी. फोटो हलू नये म्हणून तुम्ही धरायचात तसा.

मनू विचारत राहिली. मी मनातल्या मनात जोडत गेले. तुम्ही उलट्या गाडीनं परत आलात तेव्हा मी तिसऱ्या गाडीत चढत होते. तुम्ही मला बघितलंत. हाक मारता आली असती, किंवा खांबापाशी थांबता आलं असतं. तुम्ही मागच्या डब्यात शिरलात. माझ्या मागं मागं आलात त्या दुखऱ्या गुडघ्यानं, आणि काचेआड उभे राहिलात, मी आइस्क्रीम संपवेपर्यंत. मी बाथरूमला गेले तेवढ्यात आधीची गाडी पकडून खांबापाशी जाऊन हाताची घडी घातलीत. आणि तो रुमाल. त्या थंडगार गाडीतून उतरलेल्या बाईला घाम कसला येतोय? माझ्या तोंडाला गुलाबी आइस्क्रीम लागलं होतं. सकाळपासून पोटात काही नाही म्हणणाऱ्या बाईला तुम्ही मुकाट्यानं इडली खाऊ घातलीत.

मी खूप रडले. तेराव्यालाही एवढी रडले नव्हते. मग राग आला, तुमचा. तीन वर्षं! पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, "तू जागा का सोडलीस ते सांग". मला वाटायचं टोचताय. तुम्ही विचारत होतात. मी एकदा म्हटलं असतं ना, की हो, गेले होते, बसले होते, मजा आली, तर तुम्ही फोन काढून फोटो दाखवले असतेत आणि आपण दोघं पोट धरून हसलो असतो. तुम्हाला तेच हवं होतं. मी ताट आपटून आत गेले. तुमच्याकडूनही एवढं झालं नाही की सरळ सांगावं, मी तुला बघितलं, तू छान दिसत होतीस. लाइनवरच्या पोरांची एवढीशी चूक धरायचात, आणि बायकोशी हे असं मुकं वागणं. दोघंही सारखेच म्हणायचं, दुसरं काय.

बाकावरच्या त्या वीस मिनिटांचं मात्र काही होत नाही. ती तशीच आहेत. पण काल पहाटे हॉर्न वाजला, वास आला, आणि पहिल्यांदाच मी दाराकडं बघितलं नाही. माझ्या लक्षात आलं की मी नियम अर्धाच पाठ केला होता. थांबायचं मी. पण मी थांबले नाही म्हणून तुम्ही काही यायचे राहिला नाहीत. सारा मुलूख परका, भाषा परकी, मी कुठं निघाले ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही बरोबर तिथं होतात. काळेवाडी ते चऱ्होली म्हणजे काय मोठं?

मनूला हो म्हटलंय. ती लगेच रडायला लागली, हल्ली तिला कशानंही रडू येतं. बाराव्या मजल्यावर वाळत घालायला बांबू लावून घेऊ म्हटलं तर म्हणाली, सोसायटी परवानगी देणार नाही. बघू. निळे शर्ट मशीनच्या खणातच राहू देणार आहे. घराची किल्ली शेजारच्या वहिनींना देते, पण तुमच्यासाठी निरोप ठेवत नाही.

रविवारी टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसेन. मागं वळून बघणार नाही. सिंगापूरलाही बघितलं नव्हतं, आणि तुम्ही होतात.